देऊळघाटचा निअँडर्थल

आमच्या ग्रुपमध्ये ‘निअँडर्थल’ ही शिवी आहे. अजूनही ई-मेलची प्रिंटआऊट काढून वाचणारा बॉस, हॉटेलात गेल्यावर पनीर टिक्का सोडून दुसरं काही न मागवणारा मित्र, ‘मुलींना गाडीतलं काय कळतं’ म्हणणारा कलीग... सगळे एकजात निअँडर्थल! गुहेतून निघाले ते थेट हिंजवडीत उतरले. हा शब्द मी इतक्यांदा वापरलाय की त्याचा खरा अर्थ बघावा असं कधी मनातही आलं नाही. मग गेल्या डिसेंबरात माझ्या चुलतभावाचा, दादाचा फोन आला. ‘वीकएण्डला देऊळघाटला येतेस का? आईची थुंकी घ्यायचीय.’

मी म्हटलं, ‘तू बरा आहेस ना?’

दादा आयटीतला. २०२३ मध्ये आठ महिने अमेरिकेत ऑनसाईट होता. तिथे थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये त्याला डीएनए टेस्टचं किट अर्ध्या किमतीत मिळालं. ट्यूबमध्ये थुंकायचं, पाकीट पोस्टात टाकायचं, काही आठवड्यांनी तुमच्या पूर्वजांचं प्रगतिपुस्तक ई-मेलवर! त्यात एक पान निअँडर्थलचं होतं. आमच्या इतर बहुतेक ग्राहकांपेक्षा तुमच्यात निअँडर्थल डीएनए जास्त आहे, असं काहीसं. त्याने ते फॅमिली ग्रुपवर टाकलं, आम्ही सगळ्यांनी लोळून हसणारे इमोजी टाकले. काकूंनी नेहमीप्रमाणे हात जोडले. माझ्या दृष्टीने विषय संपला.

त्याच्या दृष्टीने संपला नव्हता.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. दादाचं वर्क फ्रॉम होम सुरू होतं, पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो एकटाच होता, म्हणून लॅपटॉप उचलून गावी गेला. पाचव्या दिवशी त्याला ताप आला. आठव्या दिवशी काकांना. काकूंनाही झाला असावा, कारण दोन दिवस त्या खोकल्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चुलीपाशी. दादा आठवड्यात उठला. काकांना बुलढाण्याला नेऊन ऑक्सिजन लावावा लागला आणि ते परत आले नाहीत. वय ६७, बारा वर्षांची शुगर. घरात दादाला कुणी एक शब्द बोललं नाही. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, असं तो एकदाच मला म्हणाला होता.

तर हा माणूस रात्री-बेरात्री कोविडवरचे रिसर्च पेपर वाचत बसायचा. आणि अशाच एका पेपरात त्याला तो निअँडर्थल पुन्हा भेटला.

तीन नंबरचा क्रोमोझोम

शुक्रवारी रात्री आम्ही वाकडहून ट्रॅव्हल्स पकडली. शिरूर येईपर्यंत दादाने मला सगळं समजावून सांगितलं. (तो कोड समजावतो तसंच समजावतो, म्हणजे दोनदा.)

२०२० च्या सप्टेंबर अखेरीस ह्युगो झेबर्ग आणि स्वांते पाबो या दोन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये एक पेपर छापला. कोविड कुणाला नुसता चाटून जातो आणि कुणाला आयसीयूत नेतो, याचं उत्तर तेव्हा सगळं जग शोधत होतं. वय, लठ्ठपणा, डायबेटिस ही कारणं होतीच. पण हजारो पेशंटचा डीएनए तपासल्यावर तिसऱ्या क्रोमोझोमवरची एक जागा सारखी चमकायला लागली. तिथे सुमारे ४९,४०० अक्षरांचा एक सलग तुकडा ज्यांच्याकडे असतो, त्यांना हॉस्पिटलमध्ये जावं लागण्याची शक्यता इतरांच्या दीडपटीहून जास्त दिसत होती. आपला अख्खा जिनोम तीनशे कोटी अक्षरांचा, त्यात ४९ हजार म्हणजे मोठ्या कादंबरीतले जेमतेम दोन-चार शब्द. पण झेबर्ग-पाबोंनी हा तुकडा जुन्या हाडांतल्या डीएनएशी ताडून बघितला, तर तो क्रोएशियातल्या विंदिया गुहेत सापडलेल्या एका निअँडर्थल बाईशी जवळपास तंतोतंत जुळला. ही बाई सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीची.

आता खरा धक्का. हा तुकडा युरोपात साधारण १६ टक्के लोकांकडे आहे. चीन-जपानच्या बाजूला जवळपास नाहीच. आणि दक्षिण आशियात, म्हणजे तुमच्या-आमच्यात? ५० टक्के! बांगलादेशात तर ६३. तुमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये आठ जण उभे असतील, तर त्यातल्या चौघांकडे तो असायचा.

दादाने अमेरिकेतल्या त्या कंपनीच्या साईटवरून स्वतःचा कच्चा डेटा उतरवून घेतला. लाखो ओळींची फाईल. त्यात हवी ती ओळ शोधली. तुकडा होता! पण एकच. आपले क्रोमोझोम जोडीने असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दादाकडे तो एकाच बाजूला आहे. म्हणजे तो काकूंकडून आला असेल, नाहीतर काकांकडून. काकांना आता विचारता येत नाही. काकूंना येतं. काकूंच्या थुंकीत तो तुकडा निघाला नाही, तर...

‘तर तो बाबांचा,’ दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला. पुढचं वाक्य त्याने उच्चारलं नाही, पण मला ते नीट ऐकू आलं. म्हणजे दोष माझा नाही, निअँडर्थलचा.

नेवासा फाट्यावरचा चहा

रात्री गाडी नेवासा फाट्याला थांबली. नेवासं म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते. पुरातत्त्ववाल्यांना मात्र दगड आठवतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात इथे उत्खनन केलं आणि प्रवरेच्या थरांतून दगडाच्या छिलक्यांपासून बनवलेली छोटी, नेटकी हत्यारं शोधली. जुन्या ओबडधोबड हातकुऱ्हाडींपेक्षा वेगळी, त्यांच्या नंतरची. मध्य पुराश्मयुग म्हणतात त्याला. महाराष्ट्रातल्या इतर नद्यांच्या काठीही अशी हत्यारं सापडली आहेत.

युरोपात या काळातली हत्यारं सापडली की ती निअँडर्थलांची, हे जवळपास ठरलेलं. मग आपल्याकडची कुणाची? निअँडर्थलचं एकही हाड भारतात आजवर सापडलेलं नाही. आपल्याला सर्वांत जवळचा म्हणजे उझबेकिस्तानातला, तेशिक-ताश गुहेतला लहान मुलगा, १९३८ साली सापडलेला. आपल्याकडे आधुनिक माणसाच्या आधीची एकच प्रसिद्ध कवटी आहे. नर्मदेकाठच्या हथनोऱ्याला ५ डिसेंबर १९८२ रोजी भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना मिळालेली. आधी तिला ‘होमो इरेक्टस’ म्हटलं, मग इतर अभ्यासकांनी ती त्यापेक्षा प्रगत आहे असं सांगितलं. वाद अजून मिटलेला नाही. देऊळघाटहून उत्तरेला सातपुडा ओलांडला की नर्मदेचं खोरं, म्हणजे हा आपला शेजारीच म्हणायचा. पण निअँडर्थल? तो कधी नेवाशाला चहाला थांबला होता, असा कुठलाच पुरावा नाही.

तरीही त्याचा डीएनए दादाच्या लाळेत आहे.

इमेज मेकओव्हर

हे कसं झालं ते सांगण्याआधी, ज्याला आपण शिवी म्हणून वापरतो त्याची थोडी माफी मागायला हवी.

१८५६ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळच्या निअँडर खोऱ्यात चुनखडीच्या खाणीत मजुरांना काही हाडं सापडली. तिथल्या योहान कार्ल फुलरोट नावाच्या शाळामास्तराला पहिल्यांदा वाटलं की हे प्रकरण वेगळं आहे. पण त्याची इमेज बिघडवली ती फ्रान्सने. १९०८ मध्ये ला शापेल-ओ-सँ या गावी एक जवळपास पूर्ण सांगाडा मिळाला. मार्सलँ बूल या बड्या तज्ज्ञाने त्यावरून वाकलेला, गुडघे मुडपून चालणारा, अर्धवट जनावर वाटावा असा प्राणी उभा केला. तेच चित्र पुढे कार्टूनमध्ये, जाहिरातींत आणि आमच्या ग्रुपमध्ये आलं. प्रत्यक्षात तो बिचारा संधिवाताने बेजार झालेला म्हातारा होता! त्याचे बरेचसे दात पडून तिथली हिरडी भरून आली होती, म्हणजे दात गेल्यावरही तो पुष्कळ जगला.

मला जास्त आवडला तो इराकमधल्या शानिदार गुहेतला. तिथे १९५० च्या दशकात राल्फ सोलेकी यांनी उत्खनन केलं. ‘शानिदार एक’ म्हणून ओळखला जाणारा हा पुरुष लहान वयात डोक्याला मार बसून बहुधा एका डोळ्याने अधू झालेला. एक हात वाळलेला, पुढचा भाग नाहीच. पाय लंगडा. असा माणूस चाळिशीपर्यंत जगला. त्या काळात एकट्याने तो महिनाभरही टिकला नसता. रोज कुणीतरी त्याच्यासाठी खायला आणत होतं, कुणीतरी त्याच्यासाठी थांबत होतं.

मेंदू आपल्याएवढाच, किंचित मोठाच. विस्तव होता, बर्चच्या सालीपासून डिंकासारखं चिकट डांबर काढून दगडाची पाती दांड्याला बसवायची अक्कल होती, आणि क्रोएशियातल्या क्रापिनाला गरुडाच्या नख्यांचा दागिनाही सापडलाय, १ लाख ३० हजार वर्षांपूर्वीचा. ॲक्सेसरीज आपण शोधल्या असं समजू नका.

त्यांचे आणि आपले पूर्वज साधारण साडेपाच ते साडेसात लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. ते युरोप-आशियात वाढले, आपण आफ्रिकेत. मग आपण बाहेर पडलो आणि गाठभेट झाली. सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी ते संपले. मधल्या काळात काय झालं? २०१० पर्यंत बहुतेकांचं उत्तर होतं, फारसं काही नाही. आपण हुशार, ते मठ्ठ, आपण जिंकलो. त्या वर्षी मे महिन्यात पाबो आणि त्यांच्या टीमने निअँडर्थलचा जिनोम वाचून दाखवला आणि आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येक माणसात त्याचा एक ते दोन टक्के अंश आहे हे उघड झालं. (सुरुवातीचा अंदाज एक ते चार होता.) पाबोंना २०२२ मध्ये नोबेल मिळालं. गंमत म्हणजे त्यांचे वडील सुने बर्गस्ट्रॉम यांनाही १९८२ मध्ये ते मिळालं होतं. मुलगा आईचं आडनाव लावतो, पण वारसा काही चुकला नाही.

‘पोरगी कोनाची होती?’

सकाळी देऊळघाटला उतरलो तेव्हा थंडी अशी होती की तोंडातून वाफा. पैनगंगेच्या खोऱ्यातलं हे आमचं गाव, बुलढाण्याच्या जवळचं. काकूंनी कळण्याची भाकरी, ठेचा आणि भरीत असा नाश्ता नावाचा जेवणाचा प्रकार पुढे केला. दादा ट्यूबचा विषय काढेना. शेवटी मीच काढला.

‘थुक्याचं काय करतेत वं?’ काकूंनी विचारलं.

मी जमेल तसं सांगितलं. फार पूर्वी दुसरीही माणसं होती. आपली आणि त्यांची भेट झाली. त्यांचं रक्त थोडं आपल्यात आलं.

‘मंजे माकडं?’

‘नाही काकू, माणसंच. जरा दणकट.’

‘मंग सोयरीक झाली म्हना की!’ काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या. आणि लगेच, ‘पोरगी कोनाची होती? आपली का त्यायची?’

मी गप्पच झाले. कारण शास्त्रज्ञांचाही हाच प्रश्न आहे! मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून मिळतो आणि आज जिवंत असलेल्या एकाही माणसात निअँडर्थल आईचा मायटोकाँड्रिया सापडलेला नाही. म्हणजे पोरगी बहुतेक वेळा आपली होती का? किंवा त्यांच्या पोरी आल्या, पण त्यांच्या लेकींच्या लेकींची ओळ पुढे कुठेतरी खुंटली? दोन्ही शक्य आहे. सैबेरियातल्या देनिसोवा गुहेत एका मुलीच्या हाडाचा तुकडा मिळालाय, वय तेरा-चौदाच्या आसपास. तिची आई निअँडर्थल होती आणि बाप देनिसोवन, म्हणजे तिसऱ्याच एका मानवकुळातला. हे २०१८ मध्ये कळलं. या सोयरिकी राजीखुशीने झाल्या की जबरदस्तीने, हे मात्र हाडं सांगत नाहीत. सगळ्या रोमँटिक डॉक्युमेंटऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

काळ मात्र आता बराच नक्की झालाय. डिसेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार ही मिसळ सुमारे ५०,५०० ते ४३,५०० वर्षांपूर्वी, म्हणजे जवळपास सात हजार वर्षं चालू होती. बहुधा पश्चिम आशियाच्या आसपास. तिथून आपले पूर्वज इकडे आले ते हे गाठोडं घेऊनच. त्यामुळे देऊळघाटात निअँडर्थल यायची गरजच पडली नाही. अमेरिकेतल्या प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या २,७६२ जणांचे जिनोम तपासले, ते २०२५ मध्ये ‘सेल’मध्ये छापून आलं. त्यांनी सगळ्यांच्यातले निअँडर्थल तुकडे गोळा करून एकमेकांशेजारी लावले, तर निअँडर्थलचा जवळपास निम्मा जिनोम पुन्हा जुळवता येतो! माझ्याकडे एक तुकडा, तुमच्याकडे दुसरा, समोरच्या टपरीवाल्याकडे तिसरा. आणि हे नमुने मुळात साठीपुढच्या लोकांचे होते, म्हातारपणाच्या एका मोठ्या अभ्यासासाठी घेतलेले. म्हणजे काकूंच्या वयाचे.

बुलढाणा जिल्हा म्हटलं की लोणार आलंच, तर एक अवांतर. उल्केने पाडलेलं ते विवर सुमारे ५२ हजार वर्षांचं आहे असं पूर्वी सांगत, म्हणजे ही सोयरीक जुळायच्या थोडं आधीचं. २०११ मध्ये नव्या पद्धतीने मोजलं तर ते निघालं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचं. म्हणजे दोन्ही घराणी वेगळी होत होती तेव्हाचं. योगायोगच, पण मला भारी वाटला.

थियरीला भोकं

दुपारी गच्चीवर मी दादाला म्हटलं, तुझ्या थियरीत भोकं आहेत. त्याने मान हलवली, म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

पहिलं, समजा काकूंच्या ट्यूबमध्ये तुकडा निघाला, एकच. मग काकांकडे होता की नाही हे कळणारच नाही. शिवाय तुकडा असलेल्या काकू दोन दिवसांत बऱ्या कशा झाल्या? दुसरं, दीडपट शक्यता म्हणजे शिक्षा नव्हे. या तुकड्याचा परिणाम साठीच्या आतल्या पेशंटमध्ये जास्त ठळक दिसतो. साठीनंतर वय हेच एवढं मोठं कारण असतं की बाकीचं त्यात बुडून जातं. काका ६७ चे, त्यात शुगर.

तिसरं सगळ्यात मोठं. हैदराबादच्या सीसीएमबीचे कुमारसामी थंगराज, बनारस हिंदू विद्यापीठाचे ज्ञानेश्वर चौबे आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्येच हा तुकडा आणि दक्षिण आशियातली कोविडची आकडेवारी ताडून बघितली होती. लाटेच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर. युरोपात जो संबंध दिसतो तो इथे मोठी भूमिका बजावतो असं त्यांना दिसलं नाही. म्हणजे आपल्यातल्या निम्म्या लोकांकडे तो आहे, पण त्याने आपलं नेमकं काय केलं हे त्यातून ठरत नाही.

आणि निअँडर्थलला नुसतं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणंही बरोबर नाही. बाराव्या क्रोमोझोमवर त्याचाच दुसरा एक तुकडा आहे, तो गंभीर कोविडचा धोका साधारण २२ टक्क्यांनी कमी करतो. तिसऱ्यावरचा तो बदनाम तुकडा असेल तर एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो, हे झेबर्गनेच २०२२ मध्ये दाखवलं. आपल्या भागात तो इतका पसरला म्हणजे जुन्या काळी त्याने कुठल्या तरी रोगापासून वाचवलं असेल, असा अंदाज आहे. कॉलऱ्याचं नाव घेतलं जातं.

‘म्हणजे काहीच कळणार नाही,’ दादा म्हणाला.

‘थोडंफार कळेल. तुला हवंय ते नाही.’

एरवी मी कुणाच्या तोंडावर असं बोलत नाही. पण तो दोन वर्षं त्या एका ओळीकडे बघत बसलाय आणि ती ओळ त्याला सोडवणार नव्हती.

संध्याकाळी काकू ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. दादाने ट्यूब त्यांच्यासमोर ठेवली आणि एकदाचं बोलला. आई, माझ्यात एक गोष्ट निघालीय. ती बाबांकडून आली असेल तर कदाचित त्यामुळे... मी आलो म्हणून नाही... त्याला पुढे बोलता येईना.

काकूंनी ट्यूब उचलून उजेडात धरली. बाजूला ठेवली.

‘बापाकडून काय आलं ते पाह्याले मशीन कायले पाह्यजे? नाक पाह्य आरशात.’

मग बराच वेळ लसूण. मग खाली बघतच म्हणाल्या, ‘तुले बोलवाचं त्यायच्या मनात नव्हतं. राहू दे तिकडंच म्हने, इकडं लय बिमारी हाय. मी भांडली त्यायच्यासंग. पोरगं एकटं जेवत असन म्हनलं. तवा त्यायनं फोन केला तुले.’

दादा त्यांच्याकडे बघत राहिला. हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

‘पाच साल होतीन आता,’ काकू म्हणाल्या आणि सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकून आत गेल्या. थोड्या वेळाने दादाही आत गेला. मी ओसरीवरच थांबले. आतून बोलल्याचा आवाज येत नव्हता, नुसता कुणीतरी कुणालातरी ताट सरकवल्याचा आला.

रविवारी रात्रीची परतीची गाडी होती. काकूंनी भरताच्या वांग्यांची पिशवी बांधून दिली, पुण्यातली वांगी पाणचट असतात म्हणून. निघताना मी देवळीतली काडेपेटी घ्यायला हात घातला तर ट्यूब तिथेच होती, सील न तोडलेली. मी दादाकडे बघितलं. त्याने पिशवी खांद्यावर टाकली आणि बुलढाण्याची काळीपिवळी गाठायला पुढे निघाला.